अप्पांच्या डाव्या हाताला

आमच्या अप्पांच्या नावापुढे 'परमपूज्य' लागलं आहे, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. वडवणीत आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक बीडचं होतं. साबुदाणा बांधून घेता घेता ते म्हणालं, वर डोंगरावर महाराजांच्या समाधीला जाऊन आलो, लई जागृत ठिकाण हाय. कुठले महाराज, म्हणून मी विचारलं तर त्याने फोनमधला फोटो पुढे केला. सीताफळाची झाडं, दरीचं तोंड, पलीकडे धबधबा आणि मधोमध आमच्या अप्पांचा ओटा. ओट्याला कुणीतरी शेंदरी रंग फासला होता. मागे निळ्या पत्र्याची पाटी: 'प. पू. महाराजांची संजीवन समाधी'.

अप्पा दम्याने गेले. दुकानामागच्या खोलीत, बाजेवर, डॉक्टरला नावं ठेवत गेले. त्यात संजीवन काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. महाराजपणाचं म्हणाल तर सुटे पैसे नसलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणारा आणि भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठणारा माणूस. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. पण त्यांच्या पाया पडायला पुण्याहून गाड्या याव्यात एवढे ते थोर नव्हते आणि त्यांना स्वतःलाही ते पटलं नसतं.

ही गफलत कशी झाली ते सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही निजवून नाही, बसवून. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा घेतात, त्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि भस्म, बेल, मीठ घालून माती लोटतात. वर ओटा, ओट्यावर छोटी पिंड. शेत असेल तर बहुतेक लोक शेतातच जागा करतात. आमच्या भागात हे कुणाला नवीन नाही. पण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं की पुरतात ते फक्त साधूला. पिंडीचा ओटा दिसला की तो चप्पल काढतो आणि हात जोडतो. बालाघाटाच्या कड्यावर, झाडीत, समोर पाणी कोसळतंय आणि शेजारी असा ओटा, मग तर बोलायलाच नको.

ते शेत अप्पांनी हौसेनं घेतलेलं. नांगरताना निम्मे दगडच लागतात. पण वर गेलं की छाती मोकळी होते, असं ते म्हणायचे. दर सोमवारी दुकान बंद करून जात, सीताफळाखाली घोंगडी टाकून पडत. हवा स्वच्छ असली की खाली लांबवर माजलगावच्या धरणाचं पाणी चमकताना दिसायचं. ते बघत बसायचे. एरवी माणसावर खेकसणारा माणूस तिथं गप्प असे. म्हणून त्यांना तिथंच ठेवलं. मीठ आमच्याच दुकानातलं, खड्याचं. विधी सांगणाऱ्या जंगम स्वामींनी मीठ घालायला सांगितलं तेव्हा आई पदराआडून म्हणाली, "घाला, चांगलं भरपूर घाला. आता तरी कमी पडलं म्हणायचे न्हाईत." रडता रडता सगळे हसलो होतो.

माती सारखी झाल्यावर आईने माझ्याकडून घरचा जुना पाटा वर आणवला. वापरून वापरून मधे खोल गेलेला, मिरची-लसणाच्या वासाचा. तो तिने अप्पांच्या डाव्या हाताला जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "ही माझी जागा." एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी तिने जागा धरली. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेलं मला एवढंच आठवतं. साडीसुद्धा दुसऱ्याच्या पसंतीची नेसायची.

पुढे काही वर्षं त्या वाटेला आमच्याशिवाय कुणी फिरकत नव्हतं. मग फोनवर धबधब्याचे व्हिडिओ फिरायला लागले. पावसाळ्यात तिथं पाणी पडतं हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, पण ते बघायला जायचं असतं हे माहीत नव्हतं. गुरं राखणाऱ्याला धबधबा म्हणजे गुरं घसरायची जागा. आता रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. बीडच्या, गेवराईच्या, संभाजीनगरच्या. ओल्या कपड्यातली पोरं-पोरी कड्यावर उभी राहून हात पसरायची. पुण्याच्या लोकांनी सीताफळाच्या झाडाखाली तंबू ठोकले आणि आमच्या माळाला 'हिडन' काहीतरी म्हणू लागले. रस्ता झाला. कणसं, भजी, चहा आला. डोंगराखालच्या गावाने ठराव करून ठिकाण सरकारी निधी मिळणाऱ्या 'क' वर्ग पर्यटनस्थळांत घालून घ्यायचं ठरवलं. नुसत्या धबधब्यावर भागेना, कारण तो दिवाळीला आटतो. देव बारमाही असतो. अशी ती पाटी लागली. दुकानामुळे आमचं वर जाणं दोनेक वर्षं राहूनच गेलं होतं.

मी फोटो बघितला त्याच दिवशी दुकान बंद करून वर गेलो. ओट्यापुढे पाल टाकून एक बाई बसली होती. नारळ, बेल, भस्माच्या पुड्या, बाजूला चुलीवर चहा. मी विचारलं, कोण महाराज हे? तिने मला गिऱ्हाईक समजून सगळी कथा सांगितली. महाराज बेलाच्या पानावर राहायचे. कुणाला रागावून बोलले न्हाईत. एक दिस सगळ्यांना बोलवून जित्तेपणी मातीत बसले. मी ऐकत राहिलो. मग मला आईचा पाटा दिसला. त्या बाईची चूल नेमकी आईच्या जागेवर होती आणि पाट्यावर ती नारळ फोडत होती.

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. अप्पांचाच आवाज माझ्या गळ्यातून आला. ती उठून उभी राहिली, पाटा पदराने पुसला आणि म्हणाली, "भाऊ, आमाला ठावं न्हवतं. दगुड समजलो." तिचा नवरा सरपणाची मोळी घेऊन येत होता, तो लांबच थांबला.

तिथून मी थेट त्या गावच्या सरपंचांकडे गेलो. ते माझ्याहून वयाने लहान, आमच्याच दुकानातल्या गोळ्या खाऊन मोठे झालेले. मी म्हणालो, पाटी काढा, तिथं माझे वडील आहेत आणि शेजारी माझी आई बसणार आहे. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमचे वडील होते तवा होते. आता ते सगळ्यांचे झालेत."

"कुणी केले?"

"कुणी न्हाई केले. लोकांनी हात जोडले आन् झाले." मग ते जवळ सरकले. "रान तुमचं हाय, आमी न्हाई म्हणू शकत न्हाई. पर शेजारी बाईमाणसाचा ओटा झाला की लोकांना कळतंय, ही घरची माती हाय. मग कोण येतंय? ती बाई बघितली न्हवं तुमी? तिचं बिऱ्हाड गेल्या साली पहिल्यांदा तोडीला गेलं न्हाई. ह्या पालावर घरी राहिलं. वस्तीवरच्या आणखी दोन-चार घरांचं तसंच हाय. बघा तुमी."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला की ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडची माणसं दसऱ्या-दिवाळीला बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून कारखान्यांवर ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्या रिकाम्या वस्त्या, दाराला बाभळीच्या काट्या लावलेल्या, मी लहानपणापासून बघत आलो आहे. एखाद्या घराच्या दाराला काटी लागली नाही ती माझ्या बापाच्या नावाने, हे कळल्यावर माणूस भांडणार कुणाशी?

घरी आल्यावर आईला सांगावं लागलं. ती त्या उन्हाळ्यापासून खचत चालली होती, जेवण तुटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गोष्ट संजीवन समाधीपाशी आली तेव्हा एवढी हसली की ठसका लागला. "बेलाच्या पानावर?" ती म्हणाली. "भाकर थोडी जाड झाली तर घर डोक्यावर घ्यायचे की रे." मग म्हणाली, "मला वर ने एकदा."

पावसाची उघडीप बघून नेली. जीप कड्यापर्यंत जाते आता. तरी ओट्यापर्यंतची वाट तिने माझ्या हाताला धरून चालत काढली. पुढे दर्शनाची छोटी रांग होती. आई रांगेत उभी राहिली. मी म्हणालो, तू कशाला रांगेत, तर म्हणाली, "गप ऱ्हा." एक शहरातली मुलगी मागे वळून अदबीने म्हणाली, "आजी, चप्पल काढून ठेवा हं, समाधी आहे." आईने चप्पल काढली. नवऱ्याला भेटायला ती अनवाणी रांगेत उभी होती, तिच्यापुढे चार अनोळखी माणसं आणि मागे सहा. मी कड्याकडे तोंड करून उभा राहिलो.

नंबर आल्यावर ती ओट्यापुढे बसली. पाया पडली नाही. हाताने ओट्यावरची बेलाची कुजकी पानं बाजूला केली, घरात त्यांची उशी झटकायची तशी. मग मला म्हणाली, "तू जा जरा, पाणी बघून ये." मी गेलो. धबधबा काय बघणार? मी मागेच बघत होतो. आई त्या पालवाल्या बाईजवळ चुलीशी बसली होती. तिने चहा दिला, आईने बशीत ओतून प्यायला. बराच वेळ दोघी बोलत होत्या. आई एकदा पाट्याकडे बोट करून काही सांगत होती आणि ती बाई तोंडावर पदर धरून हसत होती.

जीप घाट उतरायला लागल्यावर आई म्हणाली, "मला खालीच ठेव. गावच्या रुद्रभूमीत."

मी गाडी कडेला घेतली. "कावून? तिनं काही म्हणलं का तुला?"

"ती कशाला म्हणती? तिला म्या सांगितलं, तुझी चूल ऱ्हाऊ दे. लई बिऱ्हाडं पाठीवर घेतलीत तिनं. आन् मला एवढ्या माणसांत बसू वाटंना. सारखे फोटो काढतेत."

ती खोटं बोलत होती आणि मला ते कळत होतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, दुकान उघडायचंय."

श्रावणात ती गेली. सकाळी, देवपूजेच्या वेळेला, इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली होती ती तशीच कलली. शेजारचे म्हणाले, पुण्यवान बाई. मला त्या शब्दाचा आधार वाटला नाही. मी माणूस पाठवून रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या समाजाच्या दफनभूमीत, जागा बघायला सांगितली, कारण तसा तिचा शब्द होता. आणि आतून मला सारखं वाटत होतं की मी तिला चुकीच्या गाडीत बसवतो आहे.

तेवढ्यात पालवाल्या बाईचा नवरा दारात आला. सोबत वस्तीवरची माणसं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीचे. त्याने डोक्याचा रुमाल काढला. "भाऊ, खड्डा झालाय," तो म्हणाला. "वर. अप्पाच्या डाव्या अंगाला. कोनाडा बी काढलाय, स्वामींना इचारून."

"आईनं खाली सांगितलं होतं," मी म्हणालो.

"ठावं हाय. ही म्हणती, मावशी नुसत्या तोंडानं बोलल्या, मनानं न्हाई. चला तुमी."

रविवार होता. घाटात गाड्याच गाड्या. सजवलेल्या मखरात आईला बसवून, कपाळभर भस्म लावून, शिवनाम घेत आम्ही चढत होतो आणि दोन्ही बाजूंना ओल्या टॉवेलातली माणसं वडापाव हातात धरून उभी होती. काहींनी फोन वर केले. बसलेली प्रेतयात्रा त्यांनी कुठे बघितली असणार? माझा हात शिवशिवला. पण माझ्याआधी ती बाईच रस्त्याच्या मधे चालू लागली आणि एकेकाला म्हणू लागली, "देव न्हाई, माय हाय. खाली घ्या फोन. घरची माय हाय." फोन खाली झाले. एका म्हाताऱ्याने गाडीतली गाणी बंद करायला लावली. मग बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

वर चूल नव्हती. पाल नव्हतं. तिची चूल वाटेच्या पलीकडे, उघड्यावर, तीन नव्या दगडांवर गेली होती. आईच्या जागी खोल, ताजा खड्डा होता आणि कडेला पाटा धुऊन ठेवला होता. आईला अप्पांच्या शेजारी बसवली. मिठाचं पोतं मी स्वतः फोडलं. अप्पांसारखं तिचं मिठावर काही म्हणणं नसे. पानात पडेल ते खायची. तरी मी भरपूर घातलं.

सरपंच आले होते. लांब उभे राहिले, हात जोडले आणि गेले. पुढच्या आठवड्यात निळी पाटी त्यांनीच काढून नेली.

त्यांचं म्हणणं खरं झालं. त्या रविवारी बघितलेली माणसं परत गेली आणि त्यांनी सांगितलं, अहो ते कुणाचं तरी खाजगी स्मशान आहे. लोक धबधब्याला येत राहिले, पण अलीकडच्या कठड्याशी थांबू लागले. सीताफळं बरी गेली. नारळ कुणी घेईना, बेलाची पानं टोपलीत सुकून जायची. गावच्या दोन-तीन म्हाताऱ्या बाया मात्र अजून येतात. दोन्ही ओट्यांना भस्म लावतात आणि विचारलं तर म्हणतात, जोडी हाय, आमाला पुरं हाय. धबधबा आटला तशी गर्दीही आटली.

दिवाळी झाली आणि वस्तीवर ट्रक लागला. मी कळल्यावर गेलो. भांडी, गोधड्या, शेळी, सगळं वर चढलं होतं. तिचा नवरा दाराला काटी बांधत होता. ती मला बघून पुढे आली आणि हातातला खराटा माझ्याकडे दिला. "भाऊ, आता तुमीच झाडत जावा. पानं लई पडतेत."

थांबा म्हणायला माझ्याकडे काय होतं? दुकानात ये, काही ने, असं म्हणालो तर ती नको म्हणाली. शेवटी मी विचारलं, "आई तर तुला नको म्हणाली होती. मग कावून केलं हे?"

ती थोडी चकित झाली, इतकं साधं मला कळत नाही म्हणून. "भाऊ, आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता," ती म्हणाली. "एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता म्हणतेत. तो मागं पडतो. मोळी बांधायला कुणी न्हाई, उचलून द्यायला कुणी न्हाई. म्या एक साल तशी काढलीय, हे आजारी होते तवा." तिने कड्याकडे बघितलं. "महाराज बिहाराज असतेत का कुणी? अप्पा तिथं अर्धा कोयताच होते की इतकी सालं."

ट्रकमधून तिच्या नवऱ्याने हात खाली केला. तिने तो धरला, चाकावर पाय दिला आणि वर गेली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी खराटा धरून उभा होतो.

मग वर गेलो. दोन्ही ओटे झाडले. पलीकडे तिच्या चुलीचे तीन दगड काळे होऊन पडले होते, राख वाऱ्याने अर्धी उडालेली. कुणीही येऊन तिथं गाडी लावली असती. आईचा पाटा आता मोकळाच होता, तिला तिची जागा मिळाली होती. तो उचलून मी वाटेपलीकडे नेला आणि त्या चुलीच्या जागेवर ठेवला.